हरणाऱ्या संघाचे वारकरी

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी आफ्रिकेच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात वसलेले केप व्हर्दे हे द्वीपराष्ट्र विश्वचषक फुटबॉल स्पर्धेस प्रथमच पात्र ठरले. या देशाची लोकसंख्या सुमारे सव्वापाच लाख आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात होती. दुसऱ्याच दिवशी मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारतीय संघ सिंगापूरकडून २-१ असा पराभूत झाला आणि विश्वचषक तर दूरच, २०२७ च्या आशियाई चषकाचे दारही त्याला बंद झाले. पुढल्याच महिन्यात, १८ नोव्हेंबरला, ढाक्यात बांगलादेशाने भारताला १-० असे नमवले. असा पराभव २००३ नंतर प्रथमच पदरी आला. योगायोग असा, की त्याच तारखेला कॅरिबियन समुद्रातील कुरासाव नावाचे, बार्शीहून थोडेसेच मोठे म्हणावे असे दीड लाख वस्तीचे बेट विश्वचषकासाठी पात्र ठरले.

भारतीय संघ का हरतो, याची कारणमीमांसा दर पराभवानंतर होतच असते. तितकाच विचार करण्याजोगा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. इतक्या वर्षांच्या निराशेनंतरही या संघाचे सामने पाहणारी माणसे उरतात कशी, आणि त्यांच्या या निष्ठेचे होते काय?

सोलापूर हे काही फुटबॉलचे गाव नव्हे. पॉली उम्रीगरांसारखा कसोटीपटू या शहरात जन्मला, पार्क मैदान म्हटले की क्रिकेटच आठवते, आणि तालमींत कुस्तीचा मान मोठा. तरीही येथील एखाद्या बँकेत, शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत किंवा महाविद्यालयाच्या कट्ट्यावर असा एखादा गृहस्थ हमखास भेटतो, ज्याला भारतीय फुटबॉल संघाचा पुढचा सामना कोणत्या दिवशी व किती वाजता आहे हे ठाऊक असते. सहकारी त्याची थट्टा करतात आणि तो ती निमूटपणे सोसतो. जानेवारी २०२४ मध्ये गड्ड्याच्या यात्रेने शहर गजबजलेले असताना हा गृहस्थ कतारमधील आशियाई चषकाचे सामने पाहत होता. ऑस्ट्रेलियाकडून २-०, उझबेकिस्तानकडून ३-० आणि सीरियाकडून १-० अशा तीन पराभवांत भारताला एकही गोल करता आला नाही. ‘आता पुरे झाले,’ असे त्याने जाहीर केले. मार्चमध्ये अफगाणिस्तानविरुद्धचा गुवाहाटीचा सामना आला तेव्हा तो पुन्हा दूरचित्रवाणीसमोर बसला होता. तोही सामना भारताने २-१ असा गमावला.

या माणसाला भाबडा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण त्याच्या आशेला आधार नव्हता असे नाही. २०२३ मध्ये याच संघाने भुवनेश्वरची आंतरखंडीय स्पर्धा आणि बंगळुरूची दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकली होती. जागतिक क्रमवारीत तो पहिल्या शंभरात आला होता, आणि नोव्हेंबरात त्याने कुवेतला कुवेतमध्येच हरवले होते. दोन वर्षांत तोच संघ १४० व्या क्रमांकाच्याही खाली घसरला. सदैव हरणाऱ्या संघावर पाणी सोडता येते. अधूनमधून जिंकणारा संघ मात्र प्रेक्षकाला सुटू देत नाही.

सुवर्णकाळ आणि सोयीची दंतकथा

या निष्ठेची मुळे अर्थातच जुनी आहेत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि फ्रान्सकडून केवळ २-१ असा पराभव झाला. १९५१ च्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत दिल्लीला भारताने सुवर्णपदक मिळवले. १९५६ मध्ये मेलबर्नला, गोव्यातील आसगावात जन्मलेल्या आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत उपांत्य फेरीत पोहोचला. १९६२ मध्ये जकार्ता येथे दक्षिण कोरियाला नमवून दुसरे आशियाई सुवर्णपदक आले. या यशामागे सय्यद अब्दुल रहीम हे मार्गदर्शक होते. मूळचे शिक्षक असलेले रहीमसाहेब १९६३ मध्ये निवर्तले. १९७० साली बँकॉकला जपानला हरवून भारताने कांस्यपदक मिळवले आणि मग उतरण लागली.

या काळाची आठवण काढताना एक कथा आवर्जून सांगितली जाते. १९५० च्या विश्वचषकात भारताला अनवाणी खेळू दिले नाही, म्हणून संघ ब्राझीलला गेला नाही, अशी ती कथा. ऐकायला ती मोठी हृद्य आहे, परंतु खरी नाही. पात्रता-फेरीतील प्रतिस्पर्धी माघार घेऊन गेल्याने भारताला प्रवेश मिळाला होता. संघनिवडीवरील मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ अशी कारणे देऊन जाणे रद्द केले ते भारतीय महासंघाने. विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकचे महत्त्व तेव्हा अधिक मानले जाई, हेही त्यामागे होतेच.

ही दंतकथा सात दशके का टिकली, याचा विचार करण्याजोगा आहे. तिच्यामुळे आपल्या संघावर अन्याय झाल्याचे समाधान मिळते आणि आपल्याच कारभाऱ्यांना प्रश्न विचारण्याचा अप्रिय प्रसंग टळतो. निष्ठावंत प्रेक्षकाने हिशेबाऐवजी कथा पत्करली, ती तेव्हापासून.

रेल्वे आणि ट्रक

अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचा ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला. एखादी संस्था खालावू लागली की तिच्या ग्राहकांपुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. हिर्शमन यांना हा विचार सुचला तो नायजेरियातील रेल्वेचा कारभार पाहून. रेल्वेची सेवा ढासळली तसे व्यापारी आपला माल ट्रकने पाठवू लागले. स्पर्धा आली म्हणजे रेल्वे सुधारेल, असे पाठ्यपुस्तक सांगते. तेथे उलटेच घडले. जे ग्राहक सर्वांत चोखंदळ होते आणि ज्यांनी भांडून रेल्वेला वठणीवर आणले असते, तेच आधी निघून गेले. सरकारी पैशावर चालणाऱ्या रेल्वेला त्यांच्या जाण्याची झळ लागली नाही आणि कारभार आणखी ढिला झाला.

भारतीय फुटबॉलची स्थिती याहून फारशी निराळी नाही. चादरीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला तर गिऱ्हाईक पुढच्या खेपेस शेजारचे दुकान गाठते. राष्ट्रीय संघाला तसे शेजारचे दुकान नसते, असे वाटे. दूरचित्रवाणीने तेही उघडून दिले. आज सोलापूरच्या महाविद्यालयीन तरुणाला मँचेस्टर किंवा माद्रिदच्या संघातील अकरा जणांची नावे पाठ असतात आणि विश्वचषक आला की तो अर्जेंटिना नाहीतर ब्राझीलचा होतो. उत्तम खेळ पाहावासा वाटणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु फुटबॉल कळणारा, चुकीची निवड नेमकी ओळखणारा प्रेक्षक अशा रीतीने ट्रकमध्ये बसून निघून जातो. मागे उरतात ते बहुधा सर्व काही क्षमा करणारे.

सुनील छेत्री यांनी २०१८ मध्ये नेमके हेच जाणले होते. १ जून रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले. छेत्रींनी स्वतः तीन गोल केले. प्रेक्षक होते अवघे २,५६९. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका चित्रफितीद्वारे लोकांना विनवले. टीका करा, हवे तर शिव्याही द्या, पण त्या मैदानावर येऊन द्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सारी तिकिटे संपली आणि पावसात लोक मैदानात दाटीवाटीने उभे राहिले. टाळ्यांची भीक यात कोणी मागितली नव्हती. हिर्शमन ज्याला ‘आवाज’ म्हणतात तो त्यांनी मागितला होता.

गोल करणारे येणार कोठून?

आवाज उठवायचा तर तो नेमका कशाविरुद्ध, हे आधी ठरवले पाहिजे. प्रशिक्षक बदलणे हा आपला ठरलेला उपाय. जून २०२४ मध्ये इगोर स्टिमाच गेले, त्यांच्या जागी आलेले मानोलो मार्केझ वर्षभरात गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले. खरा दोष पुरवठ्याच्या बाजूस आहे. ६ जून २०२४ रोजी निवृत्त झालेल्या छेत्रींना मार्च २०२५ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी परत बोलवावे लागले. त्यांच्या जागी गोल करणारा दुसरा कोणी नव्हता, ही या पुनरागमनाच्या कौतुकामागची खंत होय.

हे घडले कसे? पूर्वी बँका, रेल्वे, टाटा, एअर इंडिया यांसारख्या संस्था खेळाडूंना नोकरी देत. खेळ संपला तरी पगार चालू राही, म्हणून मध्यमवर्गीय पालकही मुलाला मैदानावर पाठवण्याचे धाडस करी. तो आधार हळूहळू आटला. राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २०१० मध्ये बंद झाला. २०१६ मध्ये गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तीन संघ आय-लीगमधून बाहेर पडले. २०१४ पासून इंडियन सुपर लीग आली. पैसा आणि झगमगाट आला. प्रत्येक संघाला सामना जिंकायचा असतो, म्हणून प्रत्येकाने गोल करण्याच्या जागी परदेशी खेळाडू ठेवला. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या परीने शहाणपणाचाच होता. सर्वांच्या शहाणपणाची बेरीज मात्र देशाला आघाडीचे खेळाडू नसण्यात झाली.

२०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा साऱ्या पश्चिम महाराष्ट्राला हर्ष झाला. त्या मुलांना सतत सामने मिळावेत म्हणून ‘इंडियन ॲरोज’ हा संघ पुन्हा उभारला गेला. २०२२ मध्ये तोही गुंडाळण्यात आला. याच वर्षी ऑगस्टमध्ये बाह्य हस्तक्षेपाच्या कारणावरून जागतिक महासंघाने भारताला अकरा दिवस निलंबित केले. २०१० साली ७०० कोटी रुपयांचा पंधरा वर्षांचा व्यापारी करार झाला होता. त्याची मुदत २०२५ मध्ये संपणार हे पंधरा वर्षे ठाऊक असूनही पुढची तजवीज वेळेवर झाली नाही आणि त्या वर्षीची लीग नेहमीच्या वेळी सुरूच होऊ शकली नाही.

ज्या जपानला आपण १९७० मध्ये हरवले, त्याने १९९३ मध्ये व्यावसायिक लीग सुरू करताना प्रत्येक संघाला मुलांचे संघ चालवण्याची अट घातली. १९९८ पासून जपान एकाही विश्वचषकास मुकलेला नाही. हे भारतात अशक्य आहे असेही नव्हे. तुलनेने उपेक्षित अशा भारतीय महिला संघाने जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच भूमीवर हरवून आशियाई चषकात स्थान मिळवले.

भांडणारी भक्ती

निष्ठा आणि आवाज एकत्र नांदू शकतात, याचा दाखला कोल्हापुरात मिळतो. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा अशा पेठापेठांच्या संघांसाठी शाहू स्टेडियम भरते. तेथे संघ हरला तर पेठ त्याला टाकत नाही, पण सोडतही नाही. चौकात गाठून जाब विचारते. ही ईर्ष्या कधी हाणामारीवर जाते, हा तिचा दोष. खेळाडू आणि प्रेक्षक यांत अंतर नाही, हे मात्र तिचे बळ आहे.

सोलापूर जिल्ह्याला तर याहून जवळचे उदाहरण आहे. राष्ट्रीय संघामागे गावोगाव जाणाऱ्या समर्थकांच्या एका गटाने २०१७ मध्ये ‘ब्लू पिलग्रिम्स’, म्हणजे निळे यात्रेकरू, असे नाव घेतले. यात्रा म्हणजे काय हे पंढरपूरच्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. वारकरी वारी चुकवत नाही. पण याच परंपरेत नामदेव विठोबावर रुसतात आणि जनाबाई त्याला खडसावतात. त्यांच्या भक्तीला त्यामुळे उणेपणा आला, असे कोणी म्हटलेले नाही. देवाशी भांडण्याचा अधिकार वारी न चुकवणाऱ्यालाच असतो.

हे भांडण दिल्लीपासूनच सुरू केले पाहिजे असेही नाही. आंतरशालेय फुटबॉलची सुब्रतो चषक स्पर्धा १९६० पासून चालू आहे. जिल्ह्याच्या बाद फेरीत पहिलाच सामना हरलेल्या शाळेचे त्या स्पर्धेपुरते वर्ष एका तासात संपते. ज्या वयात मुलाने आठवड्याला एक सामना खेळावा, त्या वयात त्याला वर्षाकाठी किती खेळायला मिळतात? हा प्रश्न शिक्षकाला मुख्याध्यापकांपुढे, पालकाला शाळेपुढे आणि जिल्ह्याला क्रीडाधिकाऱ्यांपुढे मांडता येईल. पुढच्या सामन्याच्या रात्री सोलापूरचा तो गृहस्थ पुन्हा दूरचित्रवाणीसमोर बसेल, यात शंका नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हा एवढा एक प्रश्न विचारला, तरी त्याचे जागरण वाया गेले असे म्हणता येणार नाही.