अंगणातलं कोडिंग, परातीतलं विज्ञान

पहिली-दुसरीच्या मुलांना आत्ताच कोडिंग शिकवा, नाहीतर ती मागे पडतील, अशा जाहिराती आपल्या मोबाईलवर येतात. त्या पाहून क्लासच्या फीसाठी कर्ज काढण्याचा विचारही कुणाच्या मनात येतो. पैसे भरण्याआधी कोडिंग म्हणजे काय, ते आज समजून घेऊया.

कोडिंग म्हणजे यंत्राला नेमक्या शब्दांत आणि योग्य क्रमाने सूचना देणं. आपण सुनेला "चहा टाक" एवढंच म्हणतो, बाकीचं ती जाणते. संगणकाला मनातलं कळत नाही. त्याला पाणी किती, पातेलं कुठलं, गॅस कधी बंद करायचा, सगळं सांगावं लागतं.

हे शिकायला अंगण पुरतं. खडूने पाच बाय पाच घरं आखा. एका कोपऱ्यातल्या घरात एका मुलाला उभं करा, ते झालं यंत्रमानव. समोरच्या कोपऱ्यात लोटा ठेवा. दुसऱ्या मुलाने हुकूम द्यायचे. नुसतं "पुढे जा" म्हटलं, तर यंत्रमानव भिंतीपर्यंत चालत जाईल. मुलं हसतील आणि त्यांच्या लक्षात येईल, की किती पावलं ते सांगायला हवं. मग हुकूम आधी पाटीवर बाणांनी लिहायला सांगा. लोटा सापडला नाही, तर रागावू नका. कितवा बाण चुकला ते मुलांनाच शोधू द्या. चूक शोधून दुरुस्त करणं हे कोडिंगचं अर्धं काम आहे.

पुढची पायरी. "चार पावलं पुढे, उजवीकडे वळ" हा हुकूम चार वेळा दिला, की कडेकडेने चौकोन पूर्ण होतो आणि मूल जागेवर परत येतं. तेच तेच लिहिण्याऐवजी "चार वेळा कर" म्हणायचं. रांगोळीत एक पाकळी जमली, की तीच फिरवून आपण फूल काढतो, तसंच हे. अमेरिकेत १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार झाली. सिमूर पेपर्ट तिच्या निर्मात्यांपैकी एक. तिच्यातही मुलं एका यांत्रिक कासवाला असेच हुकूम देत.

आता विज्ञान. परातीत नको, खोल पातेल्यात पाणी घ्या. सालीसकट संत्रं टाका, ते तरंगतं. सोलून टाका, बुडतं. वजन तर कमी झालं, मग बुडलं कसं? उत्तर लगेच सांगू नका, आधी मुलांना अंदाज करू द्या. सालीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, ती साल संत्र्याला तरंगतं ठेवते.

दुसरा प्रयोग अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांतला. गूल काढलेल्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडा. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण हलत नाही. मग छपराच्या कैच्यांकडे बोट दाखवा, मुलांना तिथे त्रिकोण दिसतील. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणाऱ्या गुप्तांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. तुकडे लहान असतात, म्हणून तान्ह्या भावंडांपासून दूर ठेवा.

घरात टॅबलेट असेल, तर पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीचं स्क्रॅच ज्युनिअर हे अ‍ॅप मोफत आहे. त्यात वाचता येण्याचीही गरज नाही, चित्रांचे ठोकळे जोडायचे असतात. नसेल, तरी काही अडत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंगचा उल्लेख सहावी ते आठवीच्या टप्प्यासाठी आहे. घाई आपल्याला नाही, क्लास विकणाऱ्यांना आहे.

एक मात्र पाहा. खेळात हुकूम कोण देतं? बहुतेकदा मुलगा देतो आणि मुलगी चालते. प्रत्येक डावाला अदलाबदल करा. धुणीभांड्यांसाठी मुलीला खेळातून उठवू नका.

पुढच्या बैठकीला मुलांना सोबत आणा. हप्ते जमा होईपर्यंत अंगणात घरं आखून होतील. खडू गटाचा, लोटा कुणाचाही.