थंडी, टेकडी आणि आमचा बंड्या

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊन, घासून-पुसून फडताळात गेले की आमच्या पुण्यात खरी थंडी पडायला लागते. ट्रंकेतले स्वेटर बाहेर येतात, शाली उन्हात पडतात, ह्यांची कानटोपी कुठे गेली म्हणून घर डोक्यावर घेतलं जातं. आणि ह्या सगळ्या गडबडीत आमच्याकडे एक प्राणी असा आहे, की ज्याला थंडी पडल्याचा आनंद शेपटीत मावत नाही. तो म्हणजे आमचा बंड्या.

बंड्या हा काही मोठ्या खानदानातला कुत्रा नव्हे, बरं का! अकरा वर्षांपूर्वी कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलाने भर पावसात गटाराच्या कडेवरून उचलून आणलेलं हे गावठी पिल्लू. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. "आई, दोन दिवस राहू दे," असं म्हणून ठेवलेला हा पाहुणा कायमचा घरचा झाला. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांचं सोवळंओवळं कडक. "देवघराच्या उंबऱ्याला त्याचा पाय लागला तर मी जेवणार नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. मीही मनातून चिडलेच होते. कारण घरात कुणी काहीही आणलं तरी त्याचं खाणंपिणं, आजारपण, शी-शू शेवटी कुणाच्या गळ्यात पडतं, हे तुम्हा मैत्रिणींना मी वेगळं सांगायला हवं का?

झालंही तसंच. चार वर्षांनी मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला. जाताना बंड्याच्या गळ्यात पडून रडला आणि पट्टा माझ्या हातात देऊन गेला.

हातात पिशवी नाही!

त्याच सुमारास माझ्या रक्तातली साखर वाढल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, "रोज पाऊण तास चालायला हवं." मी घरी येऊन सांगितलं, तर हे म्हणाले, "घरात दिवसभर चालतेसच की!" त्यांचंही चूक नव्हतं. सकाळचा चहा, सासूबाईंचं गरम पाणी, ह्यांचा डबा, दूधवाला, बाई... त्यातून पाऊण तास कुणासाठी काढायचा, तर स्वतःसाठी? ते काही माझ्याच्याने होईना. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता महिना गेला.

पण बंड्या ऐकणार थोडाच? सकाळी उजाडायच्या आत तो पट्टा तोंडात धरून माझ्या पलंगाशी उभा. डिसेंबर महिना, कडाक्याची थंडी. मी ह्यांचा जुना स्वेटर साडीवर चढवला, डोक्याला स्कार्फ गुंडाळला आणि निघाले. आमचं घर वेताळ टेकडीच्या पायथ्याशी. तिथे राहून माझ्या संसाराची पंचवीस वर्षं झाली होती. पण टेकडीवर मी किती वेळा गेले होते? दोनदा. एकदा मुलांच्या सहलीबरोबर आणि एकदा गावचे पाहुणे दाखवायला घेऊन.

त्या सकाळी अर्ध्या वाटेवर मी दम खायला थांबले आणि एकदम लक्षात आलं, की हातात पिशवी नाही! भाजीची नाही, दळणाची नाही, औषधांची नाही. इतक्या वर्षांत हातात पिशवी नसताना मी घराबाहेर पडल्याचं मला आठवेना. हात कसे मोकळेमोकळे, चुकल्यासारखे वाटत होते.

आणखी एक गंमत कळली. "मी फिरायला जाते" म्हटलं की घरात दहा प्रश्न. पण "बंड्याला फिरवून आणते" म्हटलं की कुणी काही विचारत नाही. ह्यांनी मुकाट्याने स्वतःचा चहा करायला सुरुवात केली. सासूबाईही एकदा शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "अहो, धर्मराज हिमालयात गेला तेव्हा शेवटपर्यंत बरोबर चालला तो कुत्राच. त्याला टाकून धर्मराज स्वर्गातसुद्धा जायला तयार नव्हता." देवघराचा उंबरा मात्र त्यांनी अखेरपर्यंत राखला हं!

टेकडीवरचा हिवाळा

पुण्याची थंडी म्हणजे काही काश्मीरची थंडी नव्हे. तरी डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली बऱ्याचदा उतरतो. १९३५ च्या जानेवारीत तर तो १.७ अंशांपर्यंत खाली गेला होता. आमची वेताळ टेकडी शहरातली सर्वांत उंच, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. वर वारा लागतो तेव्हा नाकाचा शेंडा बधिर होतो. पण खाली धुक्यात बुडालेलं शहर आणि पूर्वेकडून वर येणारं लालबुंद ऊन पाहिलं की थंडीचं काही वाटत नाही. पावसाळ्यातलं हिरवं गवत आता सोन्यासारखं पिवळं झालेलं असतं. थंडीचे पाहुणे, शेपटी सारखी वरखाली करणारे धोबी पक्षी, पाण्याच्या कडेला दिसतात. जानेवारी संपता संपता काटेसावरीच्या बिनपानांच्या फांद्यांवर लालभडक फुलं येतात. मोरही असतात. म्हणूनच तिथे बंड्याचा पट्टा मी कधी सोडत नाही. मोर दिसला की हा जन्मजात शिकारी काय करील ह्याचा नेम नाही.

कुत्र्याबरोबर चालताना आपण आपल्या तालात चालत नाही, हे मला फार आवडतं. तो एका दगडाशी पाच मिनिटं थांबतो. काल रात्री तिथून कोण गेलं, केव्हा गेलं, सगळं वास घेऊन वाचतो. त्याचं ते वर्तमानपत्रच. आपणही मग थांबतो, इकडेतिकडे बघतो. घड्याळाकडे बघायचं राहून जातं.

एका कुसळाने शिकवलेला धडा

पण माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. ती सांगितली तर तुमच्यापैकी कुणाची तरी टळेल, म्हणून सांगते.

आमच्या फिरण्याचा तो तिसरा हिवाळा. थोरलीचं लग्न जानेवारीत ठरलेलं. घरात पाहुणे, रुखवत, याद्या. बंड्या दोन दिवस पुढच्या उजव्या पायाची बोटं सारखा चाटत होता. मी पाहिलं, पण "काटाबिटा असेल, निघेल आपोआप," म्हणून सोडून दिलं. चौथ्या दिवशी पाय सुजून टम्म. त्याला ताप भरला, खाणं बंद. माझ्याकडे नुसता बघत पडून राहिला. ऐन हळदीच्या आदल्या दिवशी त्याला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भूल देऊन बोटांमधली जागा उघडली, तर पुवाबरोबर निघालं काय? एक कुसळ!

त्यांनी समजावून सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताच्या कुसळांना टोक सुईसारखं असतं आणि त्यावर मागे वळलेले बारीक केस. त्यामुळे कुसळ एकदा शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. ओल लागली की त्याचा शेपटासारखा भाग पिळ घेत फिरतो आणि टोक आत रुततं. गवताच्या बीने जमिनीत शिरावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. पण कुत्र्याच्या पायात, कानात, डोळ्यात ती जिवावर बेतू शकते.

बंड्या बरा झाला. पण लग्नाच्या मांडवात पाहुण्यांना पेढे देताना माझं मन त्या बांधलेल्या पायाशी होतं. आपल्यावर अवलंबून असलेला मुका जीव बोलत नाही, म्हणून आपणच त्याच्याकडे बघायला हवं. तेव्हापासून टेकडीवरून आलं की आधी बंड्याची तपासणी आणि मग चहा, हा नियम कधी मोडला नाही. बोटांमधल्या खाचा, कानांच्या आतली बाजू, काखा, पोट, सगळीकडून हात फिरवायचा. गोचिड्याही तेव्हाच सापडतात.

कुत्र्याला थंडी वाजते का?

वाजते तर! कुत्र्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा थोडं जास्त, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. दाट लव असलेल्या जातींना आपल्याकडची थंडी मानवते. उलट त्यांना उन्हाळाच जड जातो. पण आपल्या कारवानी किंवा मुधोळसारख्या सडपातळ, आखूड केसांच्या कुत्र्यांना, लहान पिल्लांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना थंडी बाधते. तो थरथरत असेल, अंग आखडून पाय उचलत असेल, पुढे यायला नाखूश असेल, तर सरळ घरी फिरावं. जुन्या स्वेटरची बाही कापून लहान कुत्र्याला छान अंगरखा होतो. मात्र तो ओला झाला तर लगेच काढावा. ओलं कापड उघड्या अंगापेक्षा वाईट. रात्री त्याला नुसत्या फरशीवर झोपवू नये. पोत्यावर जुन्या गोधडीची घडी घातली की पुरे.

थंडीत आंघोळ कमी. घालायचीच तर दुपारी, कोमट पाण्याने, आणि अंग खरखरीत पुसून उन्हात बसवावं.

आणि एक महत्त्वाचं. थंडीत आपण डिंकाचे, मेथीचे लाडू करतो. त्यात मनुका-बेदाणे असतात. "घे रे बाळा" म्हणून तो लाडू कुत्र्याला कधीही देऊ नका. द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. कांदा, लसूण आणि चॉकलेटही त्यांना विषासारखंच. आपल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या तर मनानं मुळीच देऊ नयेत.

आणि आपण?

आपणही थोडी काळजी घ्यायला हवी. चपला घालून टेकडी चढू नये. कॅनव्हासचे बूट आणि मोजे हवेत. साडीवर बूट कसे दिसतील, असं मलाही वाटलं होतं. चार दिवस लोक बघतात, पाचव्या दिवशी विसरतात. पट्टा मनगटाला गुंडाळू नका. कुत्र्याने हिसका दिला की माणूस पडतं, आणि आपल्या वयात मनगटाचं हाड मोडायला तेवढं पुरतं. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा आहे, त्यांनी पहाटेच्या काळोखात न जाता ऊन वर आल्यावर निघावं. पहाटे थंड हवेत शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर खालीच साचून राहतो. गावाच्या कडेला ऊस आणि झाडी असेल, बिबट्याचा वावर असेल, तर अंधारात कुत्रा घेऊन मुळीच जाऊ नये. बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य.

वाटेत भटक्या कुत्रीला पिल्लं झालेली असतील तर लांबून वळसा घालावा. ती आईच आहे, अंगावर येणारच. आणि चावलंच कुणी, तर हळद-मिरची लावत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. रेबीज एकदा झाला की त्यावर उपाय नाही.

आताची आमची चाल

बंड्या आता अकरा वर्षांचा झाला. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेत. थंडीत सकाळी उठताना मागचे पाय आखडतात; मी तेवढा वेळ हाताने चोळून देते. गेल्या हिवाळ्यापासून आम्ही टेकडीच्या माथ्यापर्यंत जात नाही. अर्ध्या वाटेवर एक सपाट दगड आहे, तिथे उन्हाला बसतो. ह्यांच्या निवृत्तीनंतर हेही येतात. पहिल्या दिवशी पट्टा त्यांनी धरला, तर बंड्या जागचा हलेना. शेवटी मला बोलवावं लागलं!

परवा दगडावर बसलो असताना हे म्हणाले, "हा गेल्यावर तू फिरणं बंद करशील का?" मी लगेच उत्तर दिलं नाही. बंड्या ऊन खात डोळे मिटून पडला होता, त्याच्या पाठीवर माझा हात होता. मग म्हटलं, "नाही. मला आता वाट माहीत झाली आहे."

तुमच्या घरी कुत्रा असेल, तर ह्या थंडीत पट्टा नोकराच्या किंवा मुलांच्या हाती न देता एकदा स्वतः धरून बघा. नसेल, तर नुसत्याच निघा. पिशवी मात्र घरी ठेवा!

फिरायला निघताना

• वर्षातून एकदा रेबीजची लस चुकवू नये. महापालिकेचा परवाना असेल तिथे तो काढावा.

• गळपट्ट्याच्या आतून दोन बोटं जातील इतकाच तो सैल हवा.

• शी उचलण्यासाठी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे बरोबर ठेवावेत.

• थंडीतही कुत्र्याला तहान लागते. आल्यावर ताजं पाणी द्यावं, भरपेट खाणं मात्र थोड्या वेळाने.

• घरी आल्यावर पाय कोमट पाण्याने धुऊन, बोटांमधून कोरडे पुसावेत आणि कुसळं तपासावीत.

• गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारावी. उबेसाठी खाली एखादं पिल्लू किंवा मांजर झोपलेलं असतं.