अभिलेखसूचीतील घटक-नोंद आणि अनुवृत्तीचा नियम

जुन्या दप्तरखान्यात अभ्यासकाला कागदापर्यंत पोहोचण्यासाठी पायऱ्या उतराव्या लागत. प्रथम खाते, मग त्या खात्याची बाडे, मग एखादे बाड आणि शेवटी हवा तो कागद, असा तो क्रम होता. त्यात वेळ बराच जाई. परंतु हाती आलेला कागद कोठला, हे वेगळे शिकावे लागत नसे. अभिलेखागारांच्या सूची महाजालावर उपलब्ध झाल्यापासून हा क्रम उलटला आहे. शोधाच्या चौकटीत एखादे नाव टाकले की अभ्यासक थेट तळाच्या नोंदीवर जाऊन उभा राहतो. एका फाइलीची, बाडाची किंवा पत्राची अशी जी नोंद, तिला प्रस्तुत लेखात ‘घटक-नोंद’ म्हटले आहे. ही नोंद स्वयंपूर्ण असते असे समजून ती वाचली जाते, आणि तेथेच चुकीच्या निष्कर्षांना वाट मिळते. वस्तुतः घटक-नोंद नियमानेच अपुरी ठेवलेली असते. तो नियम कोणता व त्याची भरपाई कशी करावी, हे सांगण्याचा येथे हेतू आहे.

व्याकरणाच्या अभ्यासकांना हा नियम परका वाटू नये. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एका सूत्रात आलेला शब्द पुढील सूत्रांत पुन्हा उच्चारला जात नाही. तो मागून चालत आला आहे असे धरावयाचे असते. हीच अनुवृत्ती. महा आणि ईश यांचा महेश करणारे गुणसंधीचे सूत्र पाहावे. अवर्णानंतर गुण होतो, एवढेच त्याचे शब्द सांगतात. पुढे स्वर असला पाहिजे, ही अट दहा सूत्रे आधीच्या यण्‌संधीच्या सूत्रातून येते. आणि दोन वर्णांच्या जागी मिळून एकच आदेश होतो, हे तीन सूत्रे आधीच्या अधिकारसूत्रातून कळते. हे सूत्र सुटे काढून वाचणाऱ्याला ते अर्धवट वाटेल किंवा त्याचा भलताच अर्थ लागेल. दोष सूत्राचा नव्हे, सुटे वाचण्याचा.

अभिलेखांच्या वर्णनातही अगदी हेच तत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेने १९९४ साली अभिलेखवर्णनाचे एक सर्वसामान्य प्रमाण प्रसिद्ध केले. त्याची दुसरी आवृत्ती १९९९ साली स्वीकारण्यात आली. त्यात वर्णनाची २६ अंगे सांगितली असून त्यांपैकी सहा अत्यावश्यक मानली आहेत: संदर्भांक, शीर्षक, निर्माता, काळ, व्याप्ती आणि वर्णनाची पातळी. पातळ्या वरून खाली अशा उतरतात: समग्र दप्तर, त्यातील मालिका, मालिकेतील फाइल आणि फाइलीतील घटक. या उतरंडीसाठी चार नियम घालून दिले आहेत. वर्णन सामान्याकडून विशेषाकडे जावे; प्रत्येक पातळीवर त्या पातळीला लागू असेल तेवढेच सांगावे; प्रत्येक वर्णन वरच्या वर्णनाशी जोडलेले असावे; आणि वर एकदा सांगितलेली गोष्ट खाली पुन्हा सांगू नये. यांतील चौथा नियम म्हणजे अनुवृत्तीच होय.

हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर अभिलेखागार आणि ग्रंथालय यांच्यातील भेदात आहे. ग्रंथ आपले नाव, कर्ता आणि साल स्वतःच्या मुखपृष्ठावर घेऊन येतो. कचेरीतील पत्र मात्र एखाद्या व्यवहाराचा तुकडा असते. त्याच्या मागचे-पुढचे कागद काढून घेतले की त्याचा अर्थ लुळा पडतो. म्हणूनच एका कचेरीचे कागद एकत्र ठेवावेत, विषयवार विखुरू नयेत, हे तत्त्व फ्रान्समध्ये १८४१ च्या शासकीय परिपत्रकाने मान्य केले आणि पुढे ते सर्वत्र रूढ झाले. सूचीतील पातळ्या हे त्या तत्त्वाचेच दृश्य रूप आहे.

आता एक उदाहरण घेऊ. लंडन येथील ब्रिटिश ग्रंथालयातील इंडिया ऑफिसच्या अभिलेखांपैकी इराणी आखाताशी संबंधित असलेले बरेच कागद कतार डिजिटल लायब्ररीच्या संकेतस्थळावर २०१४ पासून पाहावयास मिळतात. त्यांतील पुष्कळ नोंदींचा संदर्भांक ‘आयओआर/आर/१५/१’ असा सुरू होतो. हा नुसता अनुक्रमांक नव्हे. तो पत्ता आहे, आणि तो डावीकडून उजवीकडे वाचावयाचा असतो. ‘आयओआर’ म्हणजे इंडिया ऑफिसचे समग्र अभिलेख. ‘आर’ म्हणजे स्थानिक कचेऱ्यांत तयार होऊन नंतर लंडनला आलेल्या कागदांचा वर्ग. ‘१५’ म्हणजे त्यांतील आखाती प्रदेशाचे कागद. ‘१’ म्हणजे बुशायर येथील राजकीय रेसिडेन्सी. बहारीनच्या एजन्सीला ‘२’, कुवेतला ‘५’ आणि मस्कतला ‘६’ हा अंक आहे. यापुढील अंक त्या त्या बाडाचा किंवा फाइलीचा.

समजा, १८५० च्या सुमाराच्या एका बाडाची नोंद अभ्यासकासमोर उघडली आहे. तीत शीर्षक, काळ, पानांची संख्या आणि मजकुराचा गोषवारा एवढेच दिसते. हे कागद कोणी जमवले, ती कचेरी कोणाला उत्तरदायी होती, याबद्दल तेथे शब्दही नसेल. कारण तो मजकूर वरच्या पातळीचा. अभ्यासक दोन पायऱ्या वर चढला तर त्याला कळेल, की बुशायरची रेसिडेन्सी १७६३ साली ईस्ट इंडिया कंपनीने स्थापन केली आणि १८७३ पर्यंत ती मुंबई सरकारच्या अधीन होती. एवढे कळताच बाडाचे स्वरूप पालटते. आखाताच्या इतिहासाचा म्हणून बाजूला ठेवलेला कागद मुंबई इलाख्याच्या कारभाराचाही कागद ठरतो.

याचा आणखी एक परिणाम ध्यानात घ्यावा. मुंबईहून बुशायरला गेलेल्या एका पत्राचा माग तीन ठिकाणी लागू शकतो. पोहोचलेले पत्र रेसिडेन्सीच्या कागदांत असेल. त्याची मुंबईतील नोंद किंवा नक्कल मुंबई सरकारच्या दप्तरात, म्हणजे १८२१ साली स्थापन झालेल्या आणि आज महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, असेल. आणि लंडनला पाठवलेली प्रत इंडिया ऑफिसच्या ‘पी’ या कामकाजाच्या वर्गात, अथवा १७९६ ते १८५८ या काळातील ‘एफ/४’ या मालिकेत, असेल. मजकूर एकच असला तरी साक्ष एक नव्हे. पहिला कागद पत्र पोहोचल्याची साक्ष देतो, दुसरा ते पाठवल्याची आणि तिसरा ते लंडनच्या वरिष्ठांपुढे ठेवल्याची. तिघांतील भेद घटक-नोंदीच्या गोषवाऱ्यात सापडत नाही. तो संदर्भांकात आणि निर्मात्याच्या नावात असतो.

तथापि वरचे सर्वच खाली उतरते असे मात्र नाही. यण्‌संधीच्या सूत्रातून ‘पुढे स्वर असता’ एवढाच अंश गुणसंधीकडे येतो, बाकीचा मागेच थांबतो. सूचीतही असा विवेक ठेवावा लागतो. निर्माता, कागदांचा हस्तांतर-इतिहास आणि वापराच्या अटी या गोष्टी सामान्यतः खाली येतात. खालच्या नोंदीत वेगळे काही सांगितले असेल तर अर्थातच ते प्रमाण. काळ, व्याप्ती आणि भाषा यांचे मात्र तसे नाही. वरच्या पातळीवर त्यांची गोळाबेरीज दिलेली असते. मालिकेच्या वर्णनात अरबी व फारसी ही नावे आली म्हणून तीतील प्रत्येक फाइलीत त्या भाषा असतील असे नव्हे. भाषाविषयक पुरावा शोधणाऱ्याने हा भेद विशेष जपावा.

घटक-नोंदीतील काही बारकावेही सांगितले पाहिजेत. शीर्षक दोन प्रकारचे असते: मूळ कागदावर असलेले आणि सूचीकाराने दिलेले. वर सांगितलेल्या संकेतस्थळावर मूळ शीर्षक अवतरणचिन्हांत देण्याची पद्धत आहे. पहिले त्या काळाच्या कारकुनाची भाषा दाखवते, दुसरे आजच्या सूचीकाराची. शब्दाच्या इतिहासासाठी दुसऱ्याचा आधार घेता येणार नाही. शोध घेतानाही हेच लक्षात ठेवावे. जुन्या शीर्षकांत पुणे ‘पूना’ होते आणि मराठा ‘महरट्टा’ होतो. म्हणून आजच्या एकाच लेखनावर विसंबून राहू नये.

पृष्ठांकाच्या बाबतीत तर दोन अंक शेजारी शेजारी दिसतात. एक फोलिओचा, म्हणजे पोथीच्या पत्राप्रमाणे पुढील व मागील बाजू दाखवणारा. दुसरा छायाचित्रांच्या क्रमाचा. संदर्भ देताना पहिलाच द्यावा, कारण तो प्रत्यक्ष कागदावर आहे. दुसरा उद्या चित्रे नव्याने घेतली गेल्यास बदलेल. एकाच बाडावर पृष्ठांकनाच्या एकाहून अधिक जुन्या पद्धती असतील, तर प्रमाण कोणती हे नोंदीतील भौतिक वर्णनाच्या अंगात सांगितलेले असते.

सर्वांत मोठा धोका मौनाचा आहे. शोधात काही आढळले नाही, म्हणून ते घडलेच नाही, असे म्हणण्याचा मोह अनावर असतो. परंतु शोधयंत्र कागद वाचत नाही. ते बहुधा सूचीकाराचे वर्णन वाचते, आणि शेकडो पत्रांच्या बाडाचे वर्णन काही ओळींत आटोपलेले असते. त्या ओळींत तांडेल, दुभाषी, कारकून यांची नावे क्वचितच येतात. रेसिडेंटचे नाव मात्र येते. शिवाय कोणते कागद जपले व कोणते नष्ट केले, याची माहिती असलीच तर ती वरच्या पातळीवर असते. ती न पाहता अभावावरून अनुमान काढणे म्हणजे सूचीची मर्यादा इतिहासावर लादणे होय. ज्यांची नावे वर्णनात आली नाहीत त्यांच्यावर हा दुसऱ्यांदा झालेला अन्याय ठरतो.

तात्पर्य, घटक-नोंद उघडल्यावर कागदाचे चित्र पाहण्याची घाई करू नये. प्रथम संदर्भांक पूर्ण उतरून घ्यावा. मग एकेक पायरी वर चढून निर्माता, हस्तांतर आणि रचना पाहावी. नंतर त्याच मालिकेतील मागील-पुढील नोंदी चाळाव्यात. आणि मगच मूळ कागदाकडे वळावे. टिपणातही नुसते शीर्षक न लिहिता हा सारा पत्ता लिहावा, म्हणजे मागून येणाऱ्याला त्याच वाटेने जाऊन आपले विधान तपासता येईल. सूत्राला वृत्तीची जोड मिळाल्याशिवाय अर्थ लागत नाही, हे आपल्या परंपरेला ठाऊकच आहे. घटक-नोंदीची वृत्ती तिच्या वरच्या पातळ्यांवर लिहिलेली असते. ती वाचण्याचे श्रम मात्र अभ्यासकाने घ्यावयाचे असतात.