घरची वीज (भाग ६) : एमसीबी कधी पडतो?

घरातला एमसीबी पडला की सहसा एकच गोष्ट घडते. कुणीतरी स्टूल ओढून घेतं, दारावरच्या डीबीचं, म्हणजे खटक्यांच्या पेटीचं, झाकण उघडतं आणि खटका वर ढकलतं. पुन्हा पडला तर पुन्हा वर. तिसऱ्यांदा पडला की वायरमनला फोन जातो आणि त्याला सांगितलं जातं, ‘एमसीबी खराब झालाय, जरा मोठा बसवून द्या.’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. पडणारा एमसीबी बहुतेक वेळा चांगलाच असतो, आणि तो काढून मोठा बसवला तर भिंतीतली वायर जळू शकते.

खटका वर करण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. डीबीतलं नेमकं काय पडलं? आणि ते कधी पडलं? या दोन उत्तरांत निम्म्याहून अधिक निदान होऊन जातं.

आधी पहिला प्रश्न. आजच्या बहुतेक डीबींत दोन प्रकारचे खटके असतात. अरुंद, एका बोटाएवढे खटके म्हणजे एमसीबी. त्यांच्यावर ‘सी १०’, ‘सी १६’ असे आकडे असतात. दुसरा दुप्पट रुंद असतो, त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं आणि ‘३० एमए’ असं छापलेलं असतं. हा आरसीसीबी. जुने लोक आणि बरेच वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. दिसायला दोघे भाऊ वाटले, तरी त्यांची कामं अगदी वेगळी आहेत. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला.

आधी एमसीबी पाहू. जर्मनीतल्या मॅनहाइमच्या ह्यूगो स्टोट्झ यांच्या कंपनीने १९२४ मध्ये छोट्या, पुन्हा चालू करता येणाऱ्या अशा खटक्याचं पेटंट घेतलं. आजच्या एमसीबीच्या पोटातही तेव्हाचीच जोडगोळी आहे. एक दोन धातूंची पट्टी आणि एक तारेचं वेटोळं. प्रवाह थोडासा जास्त झाला की पट्टी तापून हळूहळू वाकते आणि काही वेळाने खटका पाडते. प्रवाह अचानक कैक पटींनी वाढला तर वेटोळ्याचं चुंबक क्षणार्धात खटका ओढतं. म्हणूनच ‘कधी पडला’ हा प्रश्न इतका मोलाचा आहे. बटण दाबताक्षणी पडला तर चुंबकाने पाडला, म्हणजे शॉर्टसर्किट. दहा-वीस मिनिटांनी पडला तर पट्टीने पाडला, म्हणजे लोड जास्त.

‘सी १६’चं गणित पाहू. मानकाप्रमाणे हा एमसीबी १.१३ पट, म्हणजे सुमारे १८ अँपिअर प्रवाह तासभर निमूट वाहू देतो. १.४५ पट, म्हणजे सुमारे २३ अँपिअर झाले तर मात्र तासाभरात पडायलाच हवा. आणि ‘सी’ या अक्षराचा अर्थ असा की पाच ते दहा पटींच्या दरम्यान, म्हणजे ८० ते १६० अँपिअरला, तो तत्क्षणी पडतो.

आता थंडीतली नाशिकची एखादी सकाळ घ्या. जुन्या घरात गिझर, इंडक्शन शेगडी आणि पाण्याची किटली एकाच पॉवर लाइनवर आहेत. २३० व्होल्टला २००० वॉटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो, तेवढ्याच वॉटची शेगडी आणखी ८.७, आणि १५०० वॉटची किटली ६.५. बेरीज जवळपास २४. घरात कुठेही बिघाड नाही, तरी एमसीबी पडणार. लगेच नाही, काही वेळाने. यावर उपाय फुकटचा आहे: गिझर बंद झाल्यावर शेगडी लावा. कायमचा उपाय म्हणजे गिझरसाठी डीबीपासून स्वतंत्र, जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी.

चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात या हिशोबात आणखी एक आकडा शिरतो. घरगुती एमसीबीची पट्टी ३० अंश सेल्सिअसला जुळवलेली असते. मे महिन्यात बाहेरच पारा ४५ असतो. पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद डीबीत तर त्याहून जास्त. पट्टी आधीच तापलेली, त्यामुळे कमी प्रवाहालाही ती वाकते. जो एसी रात्रभर बिनतक्रार चालतो, तोच दुपारी तीनला एमसीबी पाडतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. मात्र खटक्याच्या स्क्रूखाली वायर सैल असेल तरी तिथे अशीच उष्णता तयार होते. खटका हाताला चटका देत असेल, प्लास्टिक पिवळं-काळं पडलं असेल किंवा जळका वास येत असेल, तर त्याला वर करायचं नाही. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवायचं.

मग मोठा एमसीबी का नको? कारण एमसीबीचा आकडा उपकरणाकडे बघून ठरत नाही, वायरकडे बघून ठरतो. दिव्या-पंख्यांना सहसा दीड चौरस मिलिमीटरची वायर असते आणि तिला ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी. पॉवर पॉइंटला अडीचची वायर आणि १६ किंवा २० चा एमसीबी. वायरवरचं साधं पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. अडीचच्या वायरवर ३२ चा एमसीबी बसवला, तर २८-३० अँपिअर प्रवाह तासन्‌तास वाहत राहील आणि खटका हलणारही नाही. भिंतीतल्या पाइपात ते आवरण रोज थोडं थोडं मऊ होत जाईल. पूर्वी किटकॅट फ्यूजमध्ये एका तारेऐवजी दोन-तीन पीळ घालून बसवत, तोच हा प्रकार.

आता आरसीसीबी. तो पडला तर गोष्ट वेगळी आहे आणि अधिक गंभीर आहे.

माणसाच्या शरीरातून काही दशांश सेकंदांहून जास्त वेळ ३० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह गेला, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. ३० मिलिअँपिअर म्हणजे १६ अँपिअरच्या पाचशेव्या भागाहूनही कमी. म्हणून शॉक लागलेल्या माणसाची एमसीबीला खबरही लागत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डालझील यांनी विजेचा शरीरावर होणारा परिणाम वर्षानुवर्षं अभ्यासला आणि १९६१ मध्ये इतक्या सूक्ष्म गळतीवर तुटणारं साधन तयार केलं. तिथे ही मर्यादा ५ मिलिअँपिअरच्या आसपास ठेवतात, आपल्याकडे घरांसाठी ३०.

आरसीसीबीचं तत्त्व सोपं आहे. फेजमधून जितका प्रवाह घरात गेला, तितकाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. कमी परतला, म्हणजे उरलेला कुठेतरी जमिनीत गेला: अर्थिंगच्या तारेतून, ओल्या भिंतीतून किंवा कुणाच्या अंगातून. हा फरक १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेही आला की खटका पडतो. तो लोड मोजत नाही, त्यामुळे त्याच्यावरचा ‘४० अँपिअर’ हा आकडा पाहून ‘एवढा लोड तर नव्हता’ असं म्हणण्याला अर्थ नाही.

गळती कुठून होते? बोअरच्या जड पाण्यामुळे गिझरच्या कॉइलवर क्षार साचतात, तिचं आवरण तडकतं आणि आतल्या विजेला पाणी लागतं. असा गिझर पाणी तापवत राहतो, पण आरसीसीबी पाडतो. कोकणात जून-जुलैत दाराबाहेरची बेल, फाटकावरचा दिवा आणि गच्चीवरचा पंप हे पहिले संशयित. पाऊस पडला की पडतो आणि ऊन आलं की टिकतो, असं दिसलं तर ओल शोधायची. संगणक आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर यांतूनही थोडी थोडी गळती असते. एकेकट्याने काही होत नाही, पण अशी बरीच उपकरणं एका आरसीसीबीवर जमली की तो काठावर येतो.

शोध घरच्या घरी, डीबीचा एकही स्क्रू न काढता घेता येतो. हात कोरडे, पायात रबरी चप्पल. सगळे एमसीबी खाली करा आणि आरसीसीबी वर करा. पडलेला खटका बरेचदा मधेच अडकलेला असतो. तो आधी पूर्ण खाली ओढावा लागतो, मगच वर टिकतो. आता एमसीबी एकेक करून चढवा. ज्याच्यावर आरसीसीबी पडेल, ती लाइन दोषी. त्या लाइनवरचे सगळे प्लग बटण बंद करून नुसते सोडू नका, सॉकेटमधून बाहेर काढा. मग एकेक लावत जा. ज्या उपकरणावर खटका पडेल, ते दुरुस्तीला पाठवा.

सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडत असेल, तर लोक गोंधळतात आणि आरसीसीबीलाच दोष देतात. पण साधा एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. न्यूट्रल कुठे अर्थिंगला किंवा ओल्या भिंतीला टेकला असेल, तर एमसीबी बंद करून उपयोग नाही. घरातले सर्व प्लग काढूनही पडत असेल, तर वायरिंगचाच दोष समजावा. इन्व्हर्टर बसवल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर न्यूट्रल हमखास तपासून घ्यावा. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल आरसीसीबीबाहेरच्या न्यूट्रलला जोडला गेला, तर परतीचा प्रवाह दुसऱ्याच वाटेने जातो आणि गळती नसतानाही खटका पडतो.

इथून पुढचं काम परवानाधारक माणसाचं. चांगला वायरमन केवळ टेस्टर लावून निघून जात नाही. तो मेगर लावतो, म्हणजे मेन बंद करून, उपकरणं सोडवून ५०० व्होल्टला वायरच्या आवरणाची परीक्षा घेतो. किमान १ मेगाओहम यायला हवा. तो आकडा तुम्हीही विचारून घ्या आणि डीबीच्या झाकणाच्या आत तारखेसह लिहून ठेवा. आणि ‘आरसीसीबी सारखा पडतोय, डायरेक्ट करून देतो’ असं कुणी म्हणालं, तर त्याला नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. गिझरखाली उभ्या असलेल्या मुलाला वाचवणारं घरात दुसरं काहीही नाही. बिघाड मीटरच्या अलीकडे, खांबावर किंवा सर्व्हिस वायरमध्ये वाटला तर १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीला कळवा. मीटरच्या पुढची जबाबदारी ग्राहकाची.

हा भाग वाचून झाल्यावर एक काम आजच करा. घरात सगळ्यांना सांगून, संगणक बंद करून आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबा. खटका खाडकन पडला तर उत्तम. महिन्यातून एकदा हेच करत राहा. पडला नाही, तर तो आरसीसीबी याच आठवड्यात बदलून घ्या. आणि डीबीत आरसीसीबीच नसेल, तर दिवाळीच्या खरेदीत तो सर्वात वर लिहा.

(पुढील आठवड्यात : इन्व्हर्टर आणि बॅटरी)