हवेचा झोत आणि हवेचे माप

वायुवीजनाच्या यंत्रणेतून दर सेकंदाला किती हवा वाहते, हे आकड्यात थेट सांगणारे साधन जवळजवळ नाही. पात्यांचा ॲनिमोमीटर पाती किती वेगाने फिरतात ते मोजतो, पिटो नळी दाबातला फरक मोजते आणि हॉट वायर ॲनिमोमीटर तापवलेली बारीक तार वाऱ्याने किती निवते ते पाहतो. हवेचे प्रमाण त्यावरून हिशेबाने काढायचे असते. बहुतेक गैरसमज या हिशेबाच्या पायरीवर होतात, आणि दोष मात्र साधनाला दिला जातो.

हाताला वारा लागला की हवा पुरेशी आहे, हा सर्वांत रुळलेला समज. एक्झॉस्ट फॅनच्या जाळीला टिश्यू पेपर लावून बघण्याची पद्धत त्यातूनच आली. कागद चिकटला, म्हणजे पंखा चांगला चालतो असे मानले जाते. पण चौरस मीटरला २० ग्रॅम वजनाचा टिश्यू छतातल्या जाळीला धरून ठेवायला अवघा ०.२ पास्कल दाब पुरतो. पाइप अर्धा तुंबलेला असला तरी एवढा दाब मिळतो. कागदाने पंखा चालू आहे एवढेच समजते.

उलट बाजूनेही फसगत होते. एक्झॉस्टच्या जाळीपासून हातभर अंतरावर काहीच जाणवत नाही, म्हणून पंखा कमजोर ठरवला जातो. मेणबत्ती फुंकर मारून विझते, पण तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझत नाही. फुंकलेली हवा एका दिशेने झोत होऊन जाते, तर ओढलेली हवा चहूबाजूंनी येते. ओढणाऱ्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतके दूर गेले की वेग तोंडावरच्या वेगाच्या साधारण दहाव्या भागावर येतो. फुंकणाऱ्या तोंडापुढे तेवढी घट व्हायला सुमारे ३० व्यासांचे अंतर लागते. स्वयंपाकघरातली चिमणी शेगडीपासून फार उंच बसवली की धूर बाजूने निसटतो, त्यामागचे एक मोठे कारण हेच.

वेग आणि प्रमाण यांत गल्लत तर रोजची. १५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपमधून सेकंदाला ५ मीटर वेगाने येणारा झोत अंगावर चांगलाच आदळतो, पण त्यातून सेकंदाला जेमतेम ०.०९ घनमीटर हवा येते. ६०० मिलिमीटर लांबी-रुंदीच्या तोंडातून अर्धा मीटर वेगाने येणारी हवा जाणवतही नाही, तरी ती ०.१८ घनमीटर, म्हणजे दुप्पट असते. वेगाला क्षेत्रफळाने गुणल्याशिवाय दोहोंची तुलनाच करता येत नाही.

आता हे क्षेत्रफळ कोणते धरायचे? ग्रिल ६०० × ३०० मिलिमीटरची आहे, म्हणून ०.१८ चौरस मीटर धरून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. ग्रिलच्या पट्ट्या जागा अडवतात. समजा, ७० टक्केच जागा मोकळी आहे आणि पट्ट्यांच्या फटीत वेग सेकंदाला २ मीटर आला. पूर्ण क्षेत्रफळाने हिशेब ७६० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) वर जातो, तर मोकळ्या क्षेत्रफळाने ५३५ सीएफएमच्या आसपास राहतो. शिवाय पट्ट्यांच्या फटीतून निघालेला झोत आधी आवळतो आणि पुढे पसरतो, त्यामुळे साधन किती अंतरावर धरले यावरही आकडा बदलतो. म्हणूनच चांगला ग्रिल-उत्पादक आपल्या मालासाठी परिणामी क्षेत्रफळाचा गुणक देतो आणि तो कोणत्या साधनाने, कुठे धरून काढला तेही सांगतो. साधन किंवा अंतर बदलले की तो गुणक लागू पडत नाही.

डक्टच्या मध्यभागी एकदा मोजले की झाले, हा समज कामाच्या घाईतून येतो. भिंतीला खेटून हवा जवळजवळ थांबलेली असते आणि मध्यात सर्वांत जास्त वेगाने जाते. सरळ लांब डक्टमध्ये सरासरी वेग मधल्या वेगाच्या साधारण ८० ते ८५ टक्के भरतो, पण वळणानंतर किंवा डॅम्परनंतर तोही भरवसा उरत नाही. वळण ओलांडताना हवा बाहेरच्या कडेला दाटते आणि आतल्या कडेला भोवरे तयार होतात, तिथे हवा उलटही वाहू शकते. त्यामुळे अडथळ्यानंतर निदान साडेसात व्यास आणि पुढच्या अडथळ्याच्या आधी तीन व्यास सरळ लांबी असावी, असा संकेत आहे. चौकोनी डक्टमध्ये किमान २५ बिंदूंवर वाचन घेतात. ६०० मिलिमीटरच्या बाजूवर पाच बिंदू घ्यायचे तर भोके एका कडेपासून ४४, १७३, ३००, ४२७ आणि ५५६ मिलिमीटरवर पडतात. अंतरे मुद्दाम असमान ठेवलेली असतात. भिंतीजवळ वेग झपाट्याने उतरतो, तो उतार हिशेबात यावा म्हणून टोकाचे बिंदू कडेला सरकवलेले असतात. पत्र्याला इतकी भोके पाडणे, नळीवर मापाच्या खुणा करणे आणि शेवटी भोकांना बुचे लावणे हे काम कंटाळवाणे आहे, पण विश्वासार्ह मापनाला यावाचून गत्यंतर नाही.

भूमिगत कोळसा खाणींत, चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यातल्या खाणींतही, हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर लागते. भारतातल्या खाण नियमांनुसार सर्वांत मोठ्या पाळीतल्या दर माणसामागे मिनिटाला किमान ६ घनमीटर किंवा रोजच्या दर टन उत्पादनामागे अडीच घनमीटर, यांतले जे जास्त असेल तेवढी हवा कामाच्या विभागात पोचली पाहिजे. तिथे पात्यांचा ॲनिमोमीटर काठीला बांधून बोगद्याच्या पूर्ण छेदावर ठरलेल्या गतीने फिरवतात. मोजणाऱ्याचे अंगही वाट अडवते आणि वेग वाढवते, म्हणून साधन अंगापासून लांब धरतात आणि हिशेबात तशी दुरुस्तीही करतात.

पिटो नळी थेट वेग दाखवते, असेही अनेकांना वाटते. फ्रान्सच्या आंरी पितो यांनी १७३२ साली सीन नदीचा प्रवाह मोजण्यासाठी अशी नळी वापरली. आज डक्टमध्ये घालतात ती नळी एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांची असते. समोरचे भोक एकूण दाब घेते आणि बाजूची बारीक भोके स्थिर दाब घेतात. मॅनोमीटरवर दिसतो तो या दोहोंतला फरक. त्याचे वर्गमूळ काढून वेग मिळतो. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो धरली तर पास्कलमधल्या दाबाच्या वर्गमूळाला १.२९ ने गुणायचे.

या वर्गमूळामुळे दोन चुका होतात. पहिली सरासरीची. एका बिंदूवर ९ आणि दुसऱ्यावर ४९ पास्कल आले, तर दाबांची सरासरी २९ धरून वेग ६.९५ मीटर निघतो. प्रत्येकाचे वर्गमूळ आधी काढले तर खरी सरासरी ६.४५ येते. आठ टक्क्यांची ही वाढ निव्वळ हिशेबाच्या क्रमाने आली. सरासरी वेगांची काढायची, दाबांची कधीच नाही. दुसरी चूक कमी वेगाची. सेकंदाला १० मीटर वेगाला दाब ६० पास्कल असतो, तर २ मीटरला फक्त २.४. मॅनोमीटर एका पास्कलने इकडेतिकडे गेला तर खरा वेग दीड ते २.४ मीटर यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. ग्रिलवरच्या किंवा रिटर्नच्या मंद हवेसाठी पिटो नळी म्हणूनच चालत नाही. तिथे पाती किंवा हॉट वायर हवी.

मग एकाच डक्टमध्ये तीन साधनांनी तीन आकडे दिले, तर त्यांतली दोन बिघडलेली असलीच पाहिजेत, असे वाटते. तसे नसते, आणि घाटमाथ्यावरच्या गावांत हे कळणे फार गरजेचे आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तिथे ३० अंश सेल्सिअसला हवेची घनता घनमीटरला १.०९ किलोच्या आसपास असते. डक्टमध्ये हवा खरोखर सेकंदाला १०.५ मीटर वेगाने जात असेल, तर १.२ घनता गृहीत धरणारी पिटो नळी १० दाखवते. हॉट वायर किती रेणू उष्णता घेऊन जातात यावर चालते, त्यामुळे घनतेची पूर्ण घट तिच्यात उतरते आणि ती ९.५ च्या आसपास दाखवते. पात्यांचा ॲनिमोमीटर घनतेची फारशी पर्वा करत नाही, तो १०.५ च्या जवळ राहतो. तिन्ही साधने धडधाकट असतात. पहिल्या दोघांच्या आकड्यांना त्या ठिकाणचा हवेचा दाब आणि तापमान जोडायचे राहिलेले असते. अनेक नव्या साधनांत हे आकडे भरायची सोय असते, पण ते मुंबईत भरून पुण्यात तसेच वापरले तर फायदा नाही.

फ्लो हूड, म्हणजे डिफ्यूझरवर छत्रीसारखा धरायचा कापडी सांगाडा, प्रमाणाचा आकडा लगेच दाखवतो. म्हणून तो निर्विवाद मानला जातो. मात्र हूड लावल्याने त्या तोंडावर थोडा अडथळा येतो आणि हवा शेजारच्या तोंडांकडे वळते. जास्त प्रवाहात ही घट हिशेबात घ्यावीच लागते. गोल भोवऱ्याने हवा सोडणाऱ्या डिफ्यूझरवरही हूडचे वाचन चुकते. कापडाची कड छताला नीट टेकली नसेल, तर निसटलेली हवा मोजलीच जात नाही.

दशांशचिन्हानंतर दोन आकडे दिसले की साधन तितके अचूक, हा अलीकडचा समज. साधनाच्या कागदावर बहुधा वाचनाच्या ३ टक्के, अधिक सेकंदाला ०.१ मीटर, अशी मर्यादा लिहिलेली असते. वेग ५ मीटर असेल तर ती फारशी नडत नाही. ०.३ मीटर असेल तर आकडा एक तृतीयांशाहून जास्त चुकू शकतो. एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून साधन कॅलिब्रेट करून आणताना ते नेहमी वापरले जाते त्याच वेगांवर तपासून घ्यायला हवे.

पंख्यावर छापलेले सीएफएम म्हणजे खोलीतले सीएफएम, असे समजून पुष्कळ बाथरूम आणि स्वयंपाकघरांची मांडणी होते. तो आकडा बहुधा पुढे काहीच अडथळा नसतानाचा असतो. लवचीक पाइप, वळणे, बाहेरची झडप आणि किडे अडवणारी जाळी लागली की तो उतरतो. दाराखाली फट नसेल तर खेचायला हवाच उरत नाही.

शेवटचा मुद्दा दिशेचा. हॉट वायर ॲनिमोमीटरला वारा कुठून आला हे कळत नाही, तो फक्त किती निवलो ते सांगतो. संसर्गजन्य रुग्णाच्या खोलीत हवा बाहेरून आत यायला हवी. दाराच्या फटीत तार धरून ०.४ मीटर वेग मिळाला, तर ती हवा आत येते की बाहेर जाते, हे त्या आकड्यातून समजत नाही. अशा खोलीसाठी शेजारच्या जागेपेक्षा अडीच पास्कल कमी दाब हे सर्वमान्य प्रमाण आहे, आणि तो दाबफरक मोजूनच पाहायचा असतो. शिवाय दार बंद असताना फटीजवळ धुराच्या नळीतून बारीकशी रेघ सोडतात. ती फटीतून आत ओढली गेली की दिशा बरोबर आहे. खोलीत तासाला किती वेळा हवा बदलते, हे मात्र धुरातून कळत नाही. ते डक्टमधल्या २५ बिंदूंच्या वाचनासारख्या मापनावरून काढावे लागते.