मधमाशीचे रूप, माशीचे कुळ

मधमाशीसारखा दिसणारा प्रत्येक कीटक मधमाशी नसतो. ‘बी फ्लाय’ म्हणून ओळखली जाणारी बॉम्बिलियस मेजर ही माशी याचे ठळक उदाहरण होय. कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये तिला हे शास्त्रीय नाव दिले. दाट तपकिरी लव, पंखांच्या पुढील कडेवरील गडद पट्टा आणि पुढे रोखलेली लांब सोंड ही तिची लक्षणे आहेत. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात. हिला एकच असते व नांगी नसते.

युरोप, उत्तर आफ्रिका, समशीतोष्ण आशिया व उत्तर अमेरिका येथे ती प्रामुख्याने वसंत ऋतूत आढळते. फुलांतील मकरंद शोषताना तिच्याकडून परागीभवन घडते. मादी मात्र जमिनीत एकेकट्याने घरटी करणाऱ्या मधमाश्यांच्या बिळांजवळ उडता उडता अंडी टाकते. तिच्या अळ्या त्या मधमाश्यांच्या अळ्यांवर पोसल्या जातात. साहजिकच यजमान मधमाश्या जेथे टिकतात, तेथेच हीही टिकते. म्हणून तिला केवळ उपद्रवी मानणे योग्य नव्हे. तिचा आढळ हा जमिनीखालील मधमाश्यांच्या अस्तित्वाचाच पुरावा ठरतो.