निंब तोडायचा की फांदी छाटायची?

घरावर सोलर पॅनल बसवायचं ठरलं की पहिली नजर सांदवाडीतल्या झाडावर जाते. फेब्रुवारी 2024 मध्ये सूर्यघर योजना आली. तिच्यात एका किलोवॅटला 30 हजार आणि तीन किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान ठरलं. बसवणारा येतो, वर पाहतो अन् म्हणतो, "आकाश मोकळं पाहिजे, निंब काढा."

जरा थांबा. अमरावती-अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा दुपारी त्या निंबाखाली आपणच बसतो. म्हणून निर्णयात आपलाही शब्द पाहिजे.

आधी सावली मोजा. मेच्या अखेरीस दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो, सावली बुडाशीच राहते. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडे इतका कलतो की भर दुपारी झाडाची सावली झाडाच्या उंचीएवढी लांब, उत्तरेकडे पडते. झाड 30 फूट आणि स्लॅब 10 फूट उंच असेल, तर स्लॅबच्या पातळीवर सावली 20 फूट जाईल. म्हणजे घराच्या दक्षिणेचं झाड आडवं येतं. उत्तरेच्या झाडाला हात लावायचं कारणच नाही. डिसेंबरात एक दिवस दहा, बारा आणि दोन वाजता स्लॅबवर चुन्याने सावलीची कड आखा. पॅनल एकाला एक जोडलेले असतात, त्यामुळे एकावर सावली पडली तरी बाकीच्यांचीही वीज घटू शकते. जमलं तर पॅनलचीच जागा सरकवा.

टीव्हीच्या मोफत डिशची छत्री आग्नेयेला, बरीच वर बघते. तेवढ्या बाजूची फांदी काढली की पुरे. (संकष्टीचा चंद्र निंबाआड असेल तर अंगणात चार पावलं सरकावं, दुसरं काय!)

छाटायचंच तर फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत छाटा. घरटं असेल ती फांदी ठेवा. जाड फांदी आधी खालून थोडी कापा, मग वरून. नाहीतर साल खोडापर्यंत सोलत येते. शेंडा उडवू नका. तिथे कच्चे धुमारे फुटतात अन् वादळात मोडून टिनावर पडतात. विजेची तार जवळ असेल तर लाइनमनला बोलवा, घरच्या माणसाला चढवू नका.

आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या वाडीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरात 1975 चा वेगळा कायदा आहे, तिथे निंबालाही नगरपालिकेची परवानगी लागते.

छाटलेला पाला शेळ्यांना घाला, थोडा सावलीत वाळवून गव्हाच्या कोठीत टाका.